वजनातली वजाबाकी

कोठी बाजारातल्या माझ्या दुकानाची पुस्तकं शाळांना पोचवणारा पिकअपवाला कंपनीने छापलेल्या दीड टन मालाच्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नाही. "वो कोरी गाडी का है साब," म्हणतो आणि बोटांवर वजा करत जातो: मागून बसवलेली लोखंडी जाळी, जॅक, साखळ्या, स्वतः तो आणि शेजारी बसणारा मी. उरेल तेवढाच माल.

पहिल्याच दिवशी त्याने माझं वजन विचारलं. "शरमाओ नक्को." मी पंचाहत्तर सांगितलं. खरं पंच्याण्णव होतं.

निघताना तो गाडी वजनकाट्यावर चढवतोच. ती वीस किलो जास्त भरली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्याने पुन्हा सगळं मोजलं, मग स्वतःच्या पोटाकडे बघत म्हणाला, "मेरीच गलती है. घर में बिर्याणी जास्ती हो गई."

त्या दिवसापासून त्याने दुपारचा डबा सोडला. तो ताकावर गाडी चालवायचा आणि मी शेजारी मान खाली घालून पोळीभाजी खायचो. पंधरा दिवसांनी काटा दोन किलोने उतरला, तेव्हा खुशीत त्याने मला चहा पाजला.

परवा त्याने पट्ट्याला नवं भोक पाडलेलं दिसलं आणि मी सगळं कबूल केलं. तो रागावला नाही. गाडी कडेला घेऊन त्याने माझ्या बाजूचं दार उघडलं.

"उतरो साब. किताबां झूट नै बोलते."

आता पुस्तकं पिकअपने जातात, मी मागून बसने.