बांधून ठेवलेला दाखला

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना बसस्टँडवर नेहमी तासभर आधी जाऊन उभे राहायचे. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, आम्ही पोचायचो तेव्हा आधीची गाडीसुद्धा सुटलेली नसायची. तिच्यात बसायची सोय नव्हती, कारण नानांनी ठरवलेली गाडी पुढची असायची. आई आणि मी त्यांची यावरून खूप थट्टा करायचो. माझ्या दहावीच्या वर्षी मात्र हा स्वभाव माझ्याच अंगाशी आला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नाना यावलला एका सरकारी खात्यात कारकून होते. मे महिन्यात साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "दोंडाईच्याला बदली झालीच म्हणून समजा. आठ दिवसांत ऑर्डर येईल." आई हरखली. तिचं माहेर नरडाण्याजवळ, त्याच रेल्वेलाइनीवर. यावलला इतकी वर्षं काढूनही तिच्या बोलीला शेजारणी हसायच्या, म्हणून चारचौघींत ती गप्पच राहायची. आता आपल्या बोलीतली माणसं मिळणार या आनंदात तिनं त्या उन्हाळ्यात पापड घातले नाहीत की बिबडे. "बठ्ठं तठेच करसूत," म्हणाली, सगळं तिकडे गेल्यावरच.

नानांनी लगेच सामान बांधायला घेतलं. "ऑर्डर आली की दोन तासांत निघता आलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. ट्रंका, पोती, गाद्यांच्या वळकट्या, सगळं सुंभानं करकचून आवळलं. तिघांची तीन ताटं, एक तवा आणि दोन पातेली तेवढी बाहेर राहिली. घड्याळसुद्धा उतरवलं. वेळ विचारायला मी शेजारी जायचे आणि येताना भिंतीवरचा उघडा खिळा बघून चिडायचे. घरमालकांनाही त्यांनी घर सोडतोय म्हणून सांगून टाकलं. आणि शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात माझा शाळा सोडल्याचा दाखला काढायला ते मला घेऊन गेले.

मुख्याध्यापक म्हणाले, "नाना, पोरीची दहावी आहे. ऑर्डर हातात पडू द्या. मी पाच मिनिटांत दाखला देतो."

"सर, माझ्या खात्याचं मला कळतं," नाना म्हणाले.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. घरी आल्यावर दाखला फाइलमध्ये गेला, फाइल ट्रंकेत गेली आणि ट्रंकेला नानांची कुणालाच न सुटणारी गाठ बसली.

साहेबांचे आठ दिवस कधीच उलटले होते. जून गेला, जुलै गेला. नाना संध्याकाळी दारात चपला काढायचे तेव्हा आई स्वयंपाकघरातून त्यांचं तोंड बघायची. ते मान हलवायचे. "उद्याच्या टपालात येईल," म्हणायचे. त्या एका उद्यावर आमचं अख्खं घर टांगलेलं होतं. आईला भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठसुद्धा दोन दिवसांपुरतंच दळून आणावं लागे.

आमच्या वर्गाच्या बाईंना माझी दया आली. "नाव नसलं म्हणून काय झालं, मागे बसत जा," म्हणाल्या. मी बसू लागले. हजेरीपटात माझा नंबर सतरा होता आणि आता त्यावर लाल रेघ होती. बाई पंधरा म्हणायच्या, सोळा म्हणायच्या आणि मग अठरा. पहिल्या दिवशी सवयीनं माझ्या तोंडून "ह" बाहेर पडला आणि पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. चाचणीचा माझा पेपर बाई तपासून द्यायच्या, पण मार्क लिहायला त्यांच्या वहीत माझी ओळच नव्हती. मला रोज वाटायचं, उद्यापासून येऊ नये. आणि रोज मी जायचे.

एकदा धीर करून नानांना म्हणाले, "दाखला परत देऊ या ना."

"आणि परवा ऑर्डर आली तर? पुन्हा काढायचा? सर काय म्हणतील?"

शेवटचं वाक्य हेच खरं कारण होतं. सर काय म्हणतील! आज नाना नाहीत, तरी ते वाक्य आठवलं की मला अजून राग येतो.

गणपती गेले, दसरा गेला. घरमालकांनी नवे भाडेकरू ठरवले. ती माणसं घर बघायला आली तेव्हा आम्ही जेवत होतो. त्यांच्यातली एक बाई आमच्या ताटांवरून नजर फिरवत म्हणाली, "अजून इथंच आहात?" आईनं हातातला घास खाली ठेवला.

मग एका गुरुवारी बाईंनी मला बाजूला घेतलं. "बोर्डाचे फॉर्म शनिवारी जाणार. यादीत तुझं नाव नाही. दाखला आणि वडिलांचा अर्ज आण, सर अजूनही नाव चढवून घेतील. शनिवार गेला तर तुझं वर्ष गेलं."

 घरी येऊन नानांना जसंच्या तसं सांगितलं.

"साहेब म्हणालेत, या आठवड्यात नक्की. फॉर्म तिकडच्या शाळेत भरू," नाना म्हणाले.

"तिकडेही शनिवार शनिवारीच येतो ना?" मी म्हणाले. नाना उठून अंगणात गेले.

शुक्रवारी ते कचेरीत गेल्यावर मी अर्ज स्वतःच लिहिला. 'माझी बदली लांबणीवर पडल्याने मुलीचे नाव पुन्हा दाखल करून घ्यावे.' खाली नानांच्या सहीला जागा सोडली आणि ट्रंकेची गाठ सोडवायला बसले. दोन नखं मोडली, पण गाठ ढिम्म हलेना. मागे आई येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही. मला वाटलं, आता पाठीत चार बसणार. ही ट्रंक सुटली की तिचं माहेर लांबणार, हे मला समजत होतं.

"सरक," ती म्हणाली. तिनं विळी आणली आणि सुंभ सरळ कापून टाकलं. "मन्हं माहेर काय पळी जाई का? चाल."

आई नानांच्या कचेरीत आधी कधीच गेली नव्हती. आम्हाला दारात बघून नाना उठले. चेहरा फुलला होता. टेबलावर फोडलेला खाकी लिफाफा होता.

"आली," ते आईला म्हणाले. "आत्ताच्या टपालात. मंगळवारी हजर व्हायचं."

 पाच महिने ज्याच्यासाठी घर बांधून ठेवलं, ते आजच यायचं होतं! नानांचंच खरं ठरलं होतं. मी दाखला आणि अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"हे खोटं आहे आता," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. रडत रडतच बोलले, "नाना, सोमवारी तिकडे नाव घालेपर्यंत फॉर्म गेलेले असतील. मी कुठेच नाही हो. वर्गात माझा नंबर गाळून पुढे जातात."

नाना आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "तुम्ही जा. आमनं पुढे देखसूत."

त्यांनी फूटपट्टी घेतली. माझ्या वाक्यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मुलीची दहावी असल्याने कुटुंब येथेच राहील.' सही केली, लिफाफा खिशात घातला. "चला, मीच येतो."

मुख्याध्यापकांच्या खोलीत नाना बसले नाहीत. "सर, माझं चुकलं," उभ्याउभ्याच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही. सरांनी हजेरीपट मागवला.

रविवारी आमचं ते बांधलेलं सामान हातगाडीवरून दोन गल्ल्या पलीकडे, भाड्याच्या एका खोलीत गेलं. आईनं सगळ्यात आधी घड्याळ लावलं. सोमवारी नाना एक ट्रंक घेऊन नऊलाच घरातून निघाले. साडेदहाची जळगाव गाडी आणि पुढे पॅसेंजर. जाताना मला एवढंच म्हणाले, "हजेरी चुकवू नकोस."

अकराला शाळा भरली. बाईंनी हजेरी सुरू केली आणि मी सहज खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणाशी नाना उभे होते, पायाशी ट्रंक.

पंधरा. सोळा.

"सतरा?"

मी इतक्या मोठ्यानं "हजर" म्हणाले की बाईंनी मान वर केली. बाहेर नानांनी ट्रंक उचलली आणि स्टँडकडे चालू लागले. साडेदहाची गाडी केव्हाच गेली होती.