टाळ्यांनी मंजूर

आमच्या खासगी क्लासचालकांच्या संघटनेची वार्षिक सभा कळंबच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवर भरते. आधी सभा, मग जेवण. ठराव मंजूर करायची आमची पद्धत ठरलेली आहे: अध्यक्ष ठराव वाचतात, "मंजूर?" असं विचारतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. हात वर करायला लावणं म्हणजे अध्यक्षांवर अविश्वास, असं का कोण जाणे, सगळ्यांनी मानून घेतलं होतं. तोवर शेजारी सुरमई तळल्याचा वास सुटलेला असतो, आणि भुकेल्या माणसाच्या टाळ्या जरा जास्तच जोरात वाजतात.

त्या वर्षी मात्र माझं लक्ष जेवणाकडे नव्हतं. मनवेलपाड्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी गणिताचा क्लास घेते. बरोबर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, माझी मैत्रीण संस्कृत शिकवते. सभेच्या काही दिवस आधी संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला: अध्यक्ष पालिकेत हसतमुखाने निवेदन देत आहेत. खाली मजकूर होता की तळमजल्यावर नसलेले सर्व क्लास मुलांसाठी धोकादायक आहेत आणि ते बंद करायला संघटनेची संमती आहे. त्याखाली अभिनंदनाचे अंगठे आणि फुलं. सर्व क्लास म्हणजे माझाही, आणि संघटनेची संमती म्हणजे माझीही, कारण वर्गणी मी न चुकता भरते. स्वतःच्या पोटावर पाय द्यायला मी कधी हो म्हटलं, ते मला आठवेना.

आगीची भीती मला नाही असं नाही. पोरं माझ्या भरवशावर येतात. पण जिना किती रुंद आहे, आग विझवायचं नळकांडं चालतं का, हे येऊन बघा आणि मग काय ते ठरवा, एवढंच माझं म्हणणं होतं. बघायला कोणी आलंच नाही. कार्यकारिणीतल्या सगळ्यांचे क्लास तळमजल्यावर आहेत, हे मी घरी बोलून दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला, सभेत जपून बोल, याच लोकांत राहायचंय. तो चुकीचं सांगत नव्हता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. अन्न गोड लागेना. फळ्यावर काढलेला साधा लंब तिरका पडायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची.

सभेत अध्यक्षांनी वर्षभराच्या कामाचा आढावा वाचला. त्यात निवेदनाचं प्रकरण एका ओळीत उरकलं आणि मंजुरी विचारली. टाळ्या पडायच्या आत मी उभी राहिले. रोज पोरांवर ओरडणारी मी, पण आवाज पार चिरका निघाला. वरच्या मजल्यांवरचे क्लास बंद करायला आमची संमती आहे असं तुम्ही लिहून दिलंत, ते आमच्यापैकी कोणाला विचारून, एवढंच मी विचारलं.

 मग मागून एक टाळी वाजली. माझ्या मैत्रिणीची होती ती. तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि बघता बघता सगळा हॉल दणाणला. माझे डोळे भरून आले. एवढी सगळी माणसं माझ्यासारखीच मनात कुढत बसली होती तर!

अध्यक्षांनी टाळ्या पूर्ण थांबू दिल्या. मग माईक जवळ ओढला आणि शांतपणे म्हणाले, "धन्यवाद. आढावा टाळ्यांच्या गजरात मंजूर. मॅडमच्या सूचनेची नोंद घेतली आहे. चला, जेवण लागलंय."

खुर्च्या सरकल्या. मला धड भांडताही येईना, कारण आमच्या पद्धतीप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक वयस्कर सर उठले. निवृत्त मुख्याध्यापक, सांडोरला केळीच्या वाडीतल्या घराच्या ओटीवर इंग्रजीचा क्लास घेतात. त्यांचं या निवेदनाने काहीच जाणार नव्हतं.

ते म्हणाले, "अध्यक्ष, टाळ्या कशाला पडल्या ते मला कळलं नाही. निवेदन मागे घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, करा. मी हात वर केला. सरांचा आधीच वर होता. मी मागे वळून पाहिलं. चार-दोन हात कानापर्यंत आले, केस सारखे करून खाली गेले. बाकीच्यांना मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं होतं. अध्यक्ष व्यासपीठावरून एकेका चेहऱ्याकडे सावकाश बघत होते. माझी मैत्रीण मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

जेवणाच्या रांगेत ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. "अगं, टाळ्या तर मीच सुरू केल्या ना," ती म्हणाली. मला तिचा संताप आला आणि तिची कीवही आली. मी ताट उचललं आणि रांगेत पुढे सरकले.

निवेदन पालिकेत तसंच पडून आहे. क्लासला टाळं लावायला तिथून कधी कोण येईल, सांगता येत नाही. वर तिच्या क्लासात शब्दरूपं मोठ्याने म्हणणं चालू असतं, खाली माझं गणित. मध्येच जिन्यात अनोळखी पावलं वाजतात. मी बोलायची थांबते, आणि वरही सगळं गप्प झालेलं मला ऐकू येतं.