कॅज्युअल्टीच्या दारातला मांडव
कोऱ्या शालीचा वास आला की माझं डोकं अजून सणकतं. कोरोनात पुण्यातले दवाखाने भरलेले, त्यामुळं हायवेवरचे सगळे अपघात शिक्रापूरजवळच्या आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात यायचे. मी तिथं सिस्टर होते. एका पुढाऱ्यानं ऑक्सिजनची मशिनं दिली आणि भर जमावबंदीत डॉक्टरांच्या सत्काराचा मांडव टाकला, तोही नेमका कॅज्युअल्टीच्या दारात. डॉक्टरांच्या खांद्यावर शाल पडली आणि त्याच वेळी ॲम्ब्युलन्स आली. आत ट्रकखाली पाय चेंगरलेला कामगार. "खुर्च्या हटवा!" मी ओरडले. कार्यकर्ता म्हणाला, "सिस्टर, दोन मिन्टं थांबा. नारळ देऊन फोटो काढायचा राहिलाय." डॉक्टरांनी स्टेजवरून उडीच मारली आणि खांद्यावरच्या शालीनंच त्या माणसाची मांडी आवळली. तो वाचला, पाय मात्र गेला. दुसऱ्या दिवशी तोच कार्यकर्ता हजर. "सिस्टर, कालचा फोटो राहिलाच की. डॉक्टरांना शाल घेऊन जरा भायेर बोलवा." रक्तानं कडक झालेली ती शाल मी त्याच्या हातात कोंबली. परवा माझा निवृत्तीचा सत्कार झाला. शाल पांघरताना सगळे म्हणत होते, ताई, कॅमेऱ्याकडं बघा. मी दाराकडं बघत होते.