वाळूतला हौदा

पुण्याला खेळायला निघालो तेव्हा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला तालमीची सतरा पोरं आली होती आणि सतराही जणं सल्ले देत होती. कुणी म्हणत होतं, उन्हात टोपी घाल. कुणी म्हणत होतं, पहिल्या पगारात बूट पाठव. आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि आमच्या तालमीचा गोल मी दहा वर्षं राखला होता. माझे वडील, आबा, त्याच तालमीत कुस्ती शिकवणारे वस्ताद. ते बाकड्यावर बसून होते. गाडी हलली तसे खिडकीशी आले आणि म्हणाले, "गोल मोकळा टाकून निघालायस, बाळ्या. ध्यानात ठेव."

विसरायची सोयच नव्हती. पुढची नऊ वर्षं दर फोनला आई विचारायची, "कायमचा कधी येतोयस?" आणि आबा मागून ओरडायचे, "तालमीला कीपर न्हाई म्हणावं!"

पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबात मी तीन हंगाम काढले, त्यातले अडीच बाकावर बसून. गुडघा गेला तसा बाकही गेला. म्हणून आखातात, मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायला आलो. आठवडाभर नट-बोल्ट आणि वेल्डिंग रॉड, सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या टीमचा गोल. तिथं एका अकॅडमीवाल्यानं मला पाहिलं आणि संध्याकाळी लहान कीपरांना शिकवायला बोलावलं. कोचिंगची लायसन्सं मी एकेक करून मिळवली. पुस्तकं स्टोअरच्या काउंटरखाली असायची, हे माझ्या फोरमनला आजही ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी दुबईतल्या एका क्लबानं गोलकीपर कोच म्हणून बोलावलं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. मी स्टोअर सोडलं आणि बायको सुवर्णा आणि मुलगी ईरा यांना घेऊन तिथल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत आलो. तिघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर होते. तीन महिन्यांत जमलं नाही तर तिघांनी बॅगा भरायच्या, एवढं सरळ होतं ते.

आणि जमवायचं काय, तर हमद. क्लबचा हा मुख्य कीपर खांद्याच्या ऑपरेशननंतर वर्षानं परत आला होता. इथलाच, उंच गडी, हाताला बॉल चिकटायचा, पण उजवीकडे झेपायची वेळ आली की अंग चोरायचा. डॉक्टर सांगायचे, खांदा ठणठणीत आहे. हेड कोच सर्बियाचे. ते मला म्हणाले, "मिस्टर, हमद इज युवर एक्झाम."

ती भीती माझ्या ओळखीची होती. लहानपणी मीही पडायला भ्यायचो, तेव्हा आबांनी मला कुस्तीच्या हौद्यात उतरवलं होतं. "आधी पडायला शिक. अडवायचं मागनं बघू." त्या लाल मातीत तेल, हळद आणि ताक मिसळलेलं असायचं. मी ठरवलं, मैदानामागं असाच हौदा करायचा. माती नाही तर नाही, वाळू आहे की! वाळू टाकून घेतली. मग सुपरमार्केटातून लबान आणलं. लबान म्हणजे इथलं ताक. बारा बाटल्या मोठ्या भक्तिभावानं वाळूवर ओतल्या.

दुपारपर्यंत उन्हानं आपलं काम केलं. वर खरपुडी, आत ढेकळं आणि भोवती माश्यांची जत्रा. हेड कोच नाकाला रुमाल लावून आले. "मिस्टर, इज धिस फुटबॉल ऑर किचन? खलास! क्लीन इट."

घरी सगळं सांगितलं. ईरानं विचारलं, "बाबा, आर यू गेटिंग फायर्ड?" सुवर्णा म्हणाली, "आधी आंघोळ कर, मग बोलू."

आबांना फोन केला तर ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "येड्या, ताक मातीला लागतंय, वाळूला कशाला? नुसती उकरायची. आणि ज्याला पडायचंय त्यानंच उकरायची. आपल्या हातानं मोकळ्या केलेल्या जागेचं भ्या वाटत न्हाई."

हे मी साफ विसरलो होतो. तालमीत कितीही मोठा पैलवान असो, उतरायच्या आधी हौदा स्वतः खणतो.

नवी वाळू टाकली आणि चार फावडी आणली. हमदनं फावड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "कोच, कॉल द लेबर."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. या देशात फावडं कुणाच्या हातात असतं, ते मी मुसफ्फात रोज पाहिलं होतं. पण नुसतं रागावून कुणी शिकत नाही. मी एकटाच उकरायला लागलो. दुसऱ्या दिवशी बाकीचे दोन कीपर आले. हमद कठड्याला टेकून बघत राहिला. पाचव्या दिवशी मात्र तरातरा आला आणि माझ्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं. "हबीबी, यू डोंट नो सँड! माय ग्रँडफादर हॅड डेट फार्म. गिव्ह!" आणि काय उकरलं पठ्ठ्यानं! तळापासून भुसभुशीत.

त्याच वाळूत मी त्याला आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवा, मग उभा असताना उजवीकडे पाडलं. दोन आठवडे रोज हेच. पुढं पुढं मी थांब म्हणायचो आणि तोच "यल्ला, अगेन" म्हणायचा.

तिसऱ्या महिन्यातल्या सामन्यात समोरचा स्ट्रायकर एकटाच बॉल घेऊन आत घुसला. हमद पुढं झेपावला, उजव्या खांद्यावर, थेट त्याच्या पायांत. क्षणभर उठलाच नाही. मग उठला, बॉल छातीशी धरलेला. सगळे मैदानाकडं बघत होते आणि हा बाकाकडं, माझ्याकडं बघत होता. आयुष्यात मी पुष्कळ गोल अडवले, पण असा अभिमान मला स्वतःच्या एकाही झेपेचा वाटला नव्हता.

सामना संपल्यावर हेड कोचनी हात पुढं केला. "नेक्स्ट सीझन ऑल्सो, मिस्टर." पार्किंगमधूनच मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. जिंकलो की हरलो, ते त्यांनी विचारलंच नाही.

"पोराचा खांदा दुखला का मागनं?"

"न्हाई."

"मग झालं."

तेवढ्यात आईनं नेहमीचं विचारलं, "कायमचा कधी येतोयस?" मी सवयीनं इन्शाल्ला म्हणणार, तोच आबा तिला म्हणाले, "त्याला आता असलं इचारू नगंस. शिष्य टाकून वस्ताद कुठं जातोय व्हय?"

मला वस्ताद म्हणाले आबा. गावातल्या भल्याभल्यांना त्यांनी कधी असं म्हटलेलं नाही. माझा ऊर भरून आला आणि पाठोपाठ डोळेही.

तालमीची पोरं फोनवर विचारतात, आता तुझं घर कुठलं? जिथं आपली वाट बघतात ते घर, एवढंच मला कळतं. इथं सकाळी साडेसहाला तीन कीपर माझी वाट बघतात. आणि तिकडं, आबा आता कीपर मागत नाहीत; परत ये म्हणणारी एकटी आईच उरली आहे.