दसऱ्याआधीचा धडा

पुस्तकातला शेवटचा धडा सगळ्यात आधी शिकवणाऱ्या बाई मी एकच पाहिल्या. पालमच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि आम्ही पोरी त्यांना पाठीमागे जरतरबाई म्हणायचो. 'असं झालं असतं, तर तसं झालं असतं' अशा न घडलेल्या गोष्टींच्या वाक्यांचा तो धडा त्या दसऱ्याआधीच उरकायच्या. दसरा झाला की निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. जाणाऱ्यांचे तेवढे मार्क तरी बुडू नयेत, ही बाईंची धडपड.

फळ्यावर 'इफ आय हॅड रन, आय वुड हॅव कॉट द बस' असं लिहून त्या प्रत्येकीकडून एक वाक्य करून घ्यायच्या. तेही किरकोळ गोष्टीचंच हवं. चुकलेली एसटी, करपलेली भाकरी. वर दम असायचा, "जरतर फक्त पेपरात लिहायचं. घरी करत बसलात तर जगणं अवघड होईल."

रेखा माझ्या बाकावरची, दहावीत सगळ्यात हुशार. त्या वर्षी तिच्या आईनं अंथरूण धरलं. ऊसतोडीला कोयता जोडीचा, दोन माणसांचा लागतो, एकट्याला कुणी नेत नाही. आईच्या जागी रेखा जाणार हे कळलं, तशा बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

"पोरीला माझ्याकडं ठेवा. परीक्षा होईपर्यंत मी सांभाळते," बाई म्हणाल्या.

रेखाचा बाप बोचकी बांधत होता. चांगला माणूस, आवाजही चढवला नाही.

"ठिवतो की, बाई. मंग उसाला माझ्यासंगं तुमी येता का?"

बाई पदर सावरून उठल्या. परतताना मात्र त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "मी हो म्हटलं असतं तर? खरंच गेले असते तर?" एवढ्या करड्या बाई भर रस्त्यात रडताना मला बघवल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी त्या रेखाचं हॉलतिकीट घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. घंटा झाली, फाटक लागलं. रेखाचं लग्न तिकडेच, उसाच्या फडावर उरकून टाकल्याचं आम्हाला नंतर कळलं.

बाई आता निवृत्त होऊन परभणीत बहिणीकडे राहतात. परवा भेटायला गेले, तर बसायच्या आत त्यांनी विचारलं, "रेखा कशी आहे गं?"

"कंबर गेलीय तिची, बाई. औंदा तिची पोरगी गेली बापासंगं उसाला."

"कितवीला होती?"

"नववीला."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग हळूच म्हणाल्या, "हुशार आहे?"

"लय हुशार हाय, बाई," मी बोलून गेले.

'नाही' म्हणायला हवं होतं.