मामांची नाडी चौसष्ट

बाही कोपरापर्यंत सारायची, मनगट टेबलावर उताणं ठेवायचं आणि समोरच्या घाबरलेल्या पोराला म्हणायचं, "धर. चावत न्हाई." पोरगं चाचपडत अंगठा लावायचं. लगेच मामा हात मागे घ्यायचे. "अंगठा न्हाई. अंगठ्याला सोताची नाडी असती, तू तुझीच मोजून बसशील. ही तीन बोटं ठेव. आता तोंड बंद. पुरा मिनिट मोज, अन् मोजलं तेच लिही."

हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं डी.फार्मसीचं कॉलेज आहे. पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय मी शिकवते. मामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. काचसामान धुणं, स्पिरीटचे बोळे करून ठेवणं, जर्नलं गोळा करणं ही त्यांची कागदावरची कामं. कागदावर नसलेलं एक काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर ते बसत आणि दर वर्षीची नवी पोरं त्यांच्या मनगटावर नाडी मोजायला शिकत. आज या भागात औषधाच्या दुकानात उभी असलेली किती माणसं त्यांच्या मनगटावर शिकली असतील, मला सांगता यायचं नाही. त्यातलं एखादं तुमच्याही ओळखीचं असेल.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट सांगते. पहिल्याच प्रॅक्टिकलची जर्नलं तपासायला घेतली. चाळीस पोरं, चाळीस जर्नलं, आणि प्रत्येकात नाडी बहात्तर. पुस्तकात सरासरी बहात्तर दिली आहे ना, मग पोरांनी मोजायची तकलीफ कशाला घ्यायची! मीही भराभर बरोबरच्या खुणा करत सुटले होते. फडकं मारता मारता मामा टेबलाशी थांबले.

"मॅडम, रागवू नका. पर चाळीस लेकरांची एकच नाडी कशी?"

"नॉर्मल बहात्तरच असते, मामा."

"ती पुस्तकाची हाय. पोरांची कुठंय?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी एम.फार्म. झालेली आणि हा माणूस दहावी नापास. पण दुसऱ्या दिवशी मी चाळीसही जर्नलं परत केली. त्या दुपारी पोरांनी एकमेकांची मनगटं धरून खरोखर मोजली. एकाची अठ्ठावन्न निघाली, तो रोज धावायला जायचा. एकीची एकशे दहा, तिला मामांनी विचारलं, "काहून गं, जेवली न्हाई का?" ती जेवली नव्हती आणि तिला तापही होता. मामांनी तिला दुपारच्या एसटीनं घरी धाडलं.

मामा पुसेगावकडच्या एका तांड्यावरचे. आजोबांच्या वेळेपर्यंत बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरणारं घर, बापापासून शेती. बाप बैलाच्या शेपटीखाली बोट ठेवून त्याला ताप आहे का नाही ते सांगायचा म्हणे. मी हसले, तर मामा म्हणाले, "हसा. बैल सांगत न्हाई कुठं दुखतंय. त्याला इचारायची तीच एक जागा." मी घरी जाऊन जनावरांच्या डॉक्टर असलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, बरोबर आहे, आम्हीही तिथेच बघतो. त्यानंतर मी मामांच्या गोष्टींना हसणं सोडलं. म्हणजे कमी केलं.

त्यांचा खरा थाट बघायचा तो बकऱ्याच्या हृदयाच्या प्रॅक्टिकलला. सकाळी हिंगोलीच्या खाटकाकडून स्टीलच्या डब्यात ते हृदय घेऊन येत. पोरी नाकाला रुमाल लावत, माळकऱ्याचं एखादं पोरगं दाराबाहेरच उभं राही. मामा कुणाला ओढत नसत. हृदय स्वच्छ धुऊन ट्रेमध्ये ठेवत आणि मी आडवा छेद दाखवायच्या आधी म्हणत, "मॅडम, कापायच्या आधी माझं एक होऊ द्या."

त्यांचं एक म्हणजे हे. हृदयातून निघणारी मोठी नळी, महाधमनी, दोन बोटांनी उभी धरायची आणि वरून तांब्यानं हळूहळू पाणी ओतायचं. खाली हृदय रिकामं, तरी पाणी खाली उतरत नसे. नळीतच थांबून राही. आत तीन इवल्या पाकळ्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या दिसत.

"दार लागलं का न्हाई? कुणी लावलं? बकरं मेलं, खाटकानं कापलं, डब्यात घालून म्या आणलं. तरी दार लागून राहिलं." मग आवाज खाली आणून, "गेलेलं रक्त माघारी येऊ द्यायचं न्हाई, येवढंच त्याला ठावं. याडीच्या पोटात काम सुरू झालं त्याचं, तवापासून सुट्टी न्हाई. आपल्याला सीएल हाय, मेडिकल हाय. ह्याला काय हाय?"

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तोवर रुमाल खाली आलेले असत आणि दाराबाहेरचं पोरगं आत, सगळ्यांच्या पुढे. झडपेचं ते चित्र मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं की झोपेतही काढीन. पण त्या तांब्याच्या धारेखाली ते दार मिटताना बघितलं की दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. आजही येतो.

आता माझ्या चुकीकडे येते. परीक्षेत नाडीचा प्रश्न ज्याला येईल त्याला मामांचीच नाडी मोजावी लागे. उत्तर ताडून बघायला सोपं जावं म्हणून पहिल्याच वर्षी मी मामांची नाडी स्वतः मोजली, चौसष्ट भरली. तेवढा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवला. पोरांनी चौसष्टच्या आसपास लिहिलं की पूर्ण मार्क. मामा कधी आजारी पडत नसत, दर वर्षी उत्तर जुळे आणि मलाही बरं वाटे. जिवंत माणसाची उत्तरपत्रिका करून ठेवली होती मी, आणि त्यात काही वावगं आहे हे सहा वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

सहाव्या वर्षीची परीक्षा ऐन उन्हाळ्यात आली. बाहेरून परीक्षक सर आले होते. मामा सकाळपासून गप्प होते, जिना चढताना दोनदा थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "ऊन हाय मॅडम, दुसरं काय न्हाई."

परीक्षेत नाडीच्या प्रश्नाची चिठ्ठी निघाली शीतलला. सेनगाव तालुक्यातली ही मुलगी या विषयात आदल्या वर्षी नापास झाली होती. या खेपेला पास झाली नाही तर घरचे शिक्षण थांबवणार, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं आणि मामांना तर सगळ्यांच्या आधी. बावरट होती, पण मोजायला बसली की जगाला विसरायची. ती मामांच्या समोर बसली. तीन बोटं ठेवली, घड्याळाकडे नजर लावली. मी दुसऱ्या टेबलावरून बघत होते. मिनिट झाला, तिनं लिहिलं नाही. पुन्हा मोजलं. पुन्हा. आणि मला दिसलं की मामांचे ओठ हलत आहेत.

मामा तिला उत्तर सांगत होते! जो माणूस इतकी वर्षं मोजलं तेच लिही, मोजलं तेच लिही म्हणून कान किटवतो, तो परीक्षेत कॉपी पुरवत होता. माझं टाळकंच सरकलं. मी तरातरा तिथं गेले आणि तिची उत्तरपत्रिका ओढली. तिच्यावर लिहिलं होतं, अडतीस.

म्हणजे सांगूनही चुकीचंच! मी लाल पेनानं तो आकडा खोडला. "अडतीस नाडीचा माणूस असा स्टुलावर बसून राहील का? आणि मामा, तुम्हाला लाज नाही वाटत?"

शीतलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. "मामा चौसष्टच लिही म्हणून राहिले मॅडम. पण माझ्या बोटाला अडतीसच लागून राहिली. तीनदा मोजली. मोजलं तेच लिहायचं ना?"

मी तिला उठवलं. कसं मोजतात ते तिला दाखवावं, या घमेंडीत मी मामांच्या समोर बसले आणि त्यांचं मनगट धरलं. सहा वर्षांत दुसऱ्यांदा. हात गार होता आणि घामानं ओला. मी बोटं ठेवली. एक ठोका लागला. मग काहीच नाही. मला वाटलं माझं बोट सरकलं. मग दुसरा लागला. त्या दोन ठोक्यांच्या मधली जागा मी आयुष्यात विसरणार नाही. मिनिट संपला तेव्हा माझी मोजणी छत्तीसवर थांबली होती.

"मामा, कधीपासून?"

"आठ दिस झाले असतील. मलाबी लागत व्हतं ना बोटाला." मग फार हळू म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीवर चौसष्ट हाय. लेकराचे मार्क जातील म्हून सांगितलं. माझ्यापायी ती घरी बसाय नको."

परीक्षक सरांनी परीक्षा तिथंच थांबवली आणि स्वतःच्या गाडीत मामांना घातलं. हिंगोलीच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, तिथून ॲम्ब्युलन्सनं नांदेड. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचतच नव्हता. खालचा कप्पा आपल्या अंदाजानं, एकटाच, जमेल तसं काम रेटत होता. मला ही गोष्ट पुस्तकातून पाठ होती. तरी डॉक्टरांनी सांगितल्यावर मी बाकावर बसून लहान पोरासारखी रडले. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत म्हणून, उद्याचं सांगता आलं नसतं. स्ट्रेचरवरून आत नेताना मामांनी मला हातानं खुणावलं. मला वाटलं घरच्यांना काही निरोप असेल.

"त्या लेकराला मार्क द्या बराबर," ते म्हणाले.

दिले. पूर्ण दिले. माझ्या लाल रेघेखाली परीक्षक सरांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवरमधली चिठ्ठी खरवडून काढली. गोंद पक्का होता, नखं दुखली.

दोन महिन्यांनी मामा छातीत पेसमेकर घेऊन परत आले. कॉलरबोनखाली कातडीत उंचवटा दिसायचा, तो ते सगळ्यांना हात लावून बघू देत. पण नवी बॅच आली तरी स्टुलावर बसेनात. मी म्हटलं, आता काय झालं?

"नाडी हाय मॅडम, पर माझी न्हाई. मशीन साठवर लावलंय, कवाबी धरा, साठ. हीबी बहात्तरच झाली की! लेकरांनी ह्याच्यावर काय शिकायचं?" मग त्यांनी उंचवट्यावर बोट ठेवलं. "येवढीशी डबी करायला किती शिकलेली माणसं लागली असतील. अन् तेच काम मुठीयेवढं मांस अठ्ठावन्न वर्षं करून राहिलं. कुणी शिकवलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. आपण साधं बरं हाय का म्हून इचारलं न्हाई त्याला."

तेव्हापासून स्टुलावर मी बसते. मॅडमचा हात धरायला पोरं लाजतात, मग मी म्हणते, "धर. चावत नाही." मामा तोंडाला फडकं लावून हसायचे. निवृत्त होऊन ते तांड्यावर गेले तरी हृदयाच्या प्रॅक्टिकलला हटकून यायचे, स्वतःचा तांब्या घेऊन. शीतलनं पुसेगावात औषधाचं दुकान टाकलं. दर बाजाराच्या दिवशी मामा तिच्या काउंटरवर मनगट उताणं ठेवत आणि ती मोजून गंभीरपणे सांगे, "साठ." दोघांनाही उत्तर आधीच माहीत असायचं.

या वर्षी नाडीचं पहिलं प्रॅक्टिकल होतं त्या सकाळी तिचाच फोन आला. मामा अंगणात बैलाला पाणी दाखवत होते आणि तिथंच बसले. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. "डबी चालूच होती मॅडम," ती म्हणाली.

मला तिकडे जायचंच होतं, पण गाडीला तास होता आणि वर्गात चाळीस पोरं येऊन बसली होती. मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. बाही सारली, मनगट टेबलावर ठेवलं. समोरच्या मुलीनं तीन बोटं बरोबर ठेवली आणि पुरा मिनिट मोजलं. मग गोंधळून माझ्याकडे बघितलं. पुन्हा मोजलं.

"मॅडम, एकशे आठ येऊन राहिली. तुम्ही तर बसूनच हाव. माझंच चुकलं असंल. बहात्तर लिहू का?"

"चुकलं नाही, बाळा," मी म्हटलं. "मोजलं तेच लिही."