दाब उतरेपर्यंत
नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, माझं पाऊल ठेचलं आणि तुमसरच्या दवाखान्यात सांगितलं, पायावर पाटा पडला. पाऊल काळं पडायला लागलं, तेव्हा नागपूरला मला काचेच्या बंद पेटीत झोपवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत दाब वाढवला की ऑक्सिजन रक्तात जास्त विरघळतो, ठेचलेल्या मांसापर्यंत पोचतो. मधेच झटकन दार उघडता येत नाही."

कानांत दडे बसले. स्पीकरमधून बाईंनी विचारलं, "पाटा पडला कसा?"

नवरा काचेबाहेरच उभा होता.

"पाटा नाही जी! यानंच कुऱ्हाड हाणली मले!"

तो काचेवर मुठी आपटू लागला. दाब उतरायला अजून तासभर होता. अंगावरची हळद उतरली नव्हती, तेव्हाच्या पहिल्या थापडेपासून मी सुरुवात केली.